तीन नंबरच्या दोन गाड्या

[दृश्य : डेटोना, फ्लोरिडा. रात्रीची शर्यत, शेवटची फेरी.]

6 जुलै 2015. पहाटेचे अडीच वाजून गेलेत. पावसानं शर्यत इतकी लांबवली की तारीख बदलली. शर्यत नॅसकारची; अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणारी ही संस्था.

झेंडा पडतो आणि मागच्या घोळक्यात धडाधड गाड्या भिडतात. ती बघा, वर उडालेली. तीन नंबरची. आत आहे ऑस्टिन डिलन. बाकीच्यांच्या डोक्यावरून जाऊन गाडी प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळते आणि परत ट्रॅकवर फेकली जाते. तो वेगळा पडलेला तुकडा म्हणजे तिचं इंजिन.

गाडी टपावर उलटी. दुसऱ्या संघांचे मेकॅनिक धावत येतात, वाकून आत बघतात, गर्दीकडे हातानं खूण करतात. डिलन बाहेर येतो. स्वतःच्या पायांनी. किरकोळ मार. जाळीचे तुकडे लागून काही प्रेक्षकही जखमी झाले.

[दृश्य : तोच ट्रॅक, दिवस. 2001.]

आता हा दुसरा अपघात. ट्रॅक तोच, संघ तोच, नंबरही तोच.

18 फेब्रुवारी 2001. डेटोना 500 ची शेवटची फेरी, चौथं वळण. काळी गाडी डेल अर्नहार्ट यांची; नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेचे सात वेळचे विजेते, वय 49. गाडी जराशी खाली घसरते, झटक्यात वर चढते, भिंतीला लागते आणि शेजारच्या पिवळ्या गाडीला घेऊन घरंगळत गवतावर थांबते. उलटली नाही, पेटली नाही. असे अपघात इथे दर शर्यतीत होतात. कॅमेराही विजेत्याकडे वळलाय.

अर्नहार्ट वाचले नाहीत.

[दृश्य : दोन्ही अपघात शेजारी-शेजारी, संथ गतीत.]

शर्यतींवरच्या प्रत्येक माहितीपटात अपघात संथ गतीत दाखवतात. आम्हीही दाखवतोय, पण जरा कारण आहे.

डावीकडची गाडी लोळतेय, फाटतेय, तुकडे उडवतेय. वेग खर्च होतोय, पण हप्त्याहप्त्यानं, काही सेकंदांत. उजवीकडे ताशी 250 किलोमीटरच्या आसपासची गाडी काँक्रीटवर जाते. तिथे पापणी लवायच्या आत सगळा हिशेब होतो. पट्ट्यांनी छाती धरून ठेवलीय, कंबर धरून ठेवलीय. डोकं आणि त्यावरचं हेल्मेट मात्र कुणीच धरलेलं नाही. ते पुढे जातच राहतं. सगळा ताण मानेवर येतो, आणि कवटीचा तळ फुटतो.

त्याआधीच्या नऊ महिन्यांत हे तीनदा झालं होतं. मे 2000 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात ॲडम पेटी गेला. जुने नामवंत चालक रिचर्ड पेटींचा नातू, वय 19. जुलैत त्याच ट्रॅकवर, त्याच वळणावर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्ससला टोनी रोपर.

यावरचा उपाय तेव्हा विकत मिळत होता. दहाएक वर्षं मिळत होता.

[दृश्य : प्रयोगशाळा. रुळांवरची घसरगाडी, तिच्यात चालकाच्या जागी पुतळा.]

गोष्ट सुरू होते 1981 मध्ये, ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर. पॅट्रिक जॅकमार हा चालक तिथे याच दुखापतीनं गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग, तोही चालक. डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्याआधी जनरल मोटर्समध्ये त्यांनी अपघातातल्या दुखापतींवर काम केलेलं. प्रश्न घरातच आला आणि उत्तर द्यायला माणूसही घरातच होता.

हबर्ड यांनी डोकं छातीशी जोडलं. हे पाहा. बैलाच्या मानेवर जू असतं तशी एक कडक चौकट खांद्यांवर बसते. तिच्यावरून खांद्यांचे पट्टे जातात, म्हणजे पट्टे आवळले की चौकटही अंगाशी घट्ट. मागे उंच कॉलर. कॉलरपासून दोन आखूड दोऱ्या निघून हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकतात. धडक झाली की छाती थांबते आणि तिच्याबरोबर डोकंही थांबतं. या साधनाचं नाव हान्स.

पुतळ्याकडे बघा. ही हान्सशिवाय धडक : मान ताणत ताणत हनुवटी पुढे निघाली. आता हान्स लावून : डोकं थोडं पुढे येतं आणि दोऱ्यांवर अडतं. बाकी सगळं तेच. तोच वेग, तेच पट्टे.

सुरुवातीची हान्स मोठी, बोजड होती. अरुंद गाड्यांत ती मावायची नाही. चालक म्हणायचे, मान वळत नाही, शेजारची गाडी दिसत नाही, आग लागली तर बाहेर कसं पडायचं? पहिली काही वर्षं गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला वनच्या लोकांनी रस घेतला, मर्सिडीजच्या मदतीनं चाचण्या झाल्या आणि चौकट लहान, हलकी झाली.

नॅसकारचं धोरण मात्र एकच : ज्याची मान, त्याचा निर्णय. अर्नहार्ट यांना हान्स आवडत नव्हतं. ते तर तोंड उघडं राहणारं जुनं हेल्मेटच शेवटपर्यंत वापरत होते. हा त्यांचा दोष असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या खेळात सगळ्यात मोठा माणूस ते घालत नाही, तिथे विशीतला पोरगा स्वतःहून कशाला घालेल? तिथे नियमच लागतो.

अर्नहार्ट गेल्यावर बरेच जण आपणहून हान्स घालू लागले. सक्ती तरीही आली नाही. 4 ऑक्टोबर 2001 ला शार्लटमध्ये एका धाकट्या मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर भिंतीवर गेला आणि वारला. त्याची टक्कर झाली होती केरी अर्नहार्टच्या गाडीशी. केरी हा डेल यांचा थोरला मुलगा. त्याच महिन्यात नॅसकारनं डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं.

[दृश्य : भिंतीवर बसवलेल्या पोलादी नळ्या, मागे फोमचे ठोकळे.]

भिंतीचं काम नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंग आणि त्यांच्या चमूनं केलं. महामार्गांचे कठडे बनवणारी ही माणसं. पुढे पोकळ पोलादी नळ्या, मागे फोम, त्यामागे जुनं काँक्रीट. भिंत थोडी आत दबते. ते थोडंच पुरतं. मे 2002 मध्ये इंडियानापोलिसला ही सेफर भिंत पहिल्यांदा लागली. मग इतर ट्रॅकवर, पण सगळीकडे नाही. 2015 मध्ये डेटोनातच काइल बुश नेमका उघड्या काँक्रीटवर गेला; उजवा पाय मोडला, डावं पाऊल मोडलं. त्यानंतर उरलेल्या भिंती झाकायला घेतल्या.

[दृश्य : डेटोना 500, 2020. रायन न्यूमनची गाडी हवेत.]

17 फेब्रुवारी 2020. पुन्हा शेवटची फेरी. उलटत असलेल्या गाडीवर दुसरी गाडी चालकाच्याच बाजूनं आदळते. दोन दिवसांनी न्यूमन दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडला. तो फोटो पडद्यावर आहे.

2001 नंतर नॅसकारच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे कप मालिकेत शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. 2022 च्या नव्या गाडीची मागची बाजू फार ताठ निघाली. गाडीची मागची बाजू भिंतीवर आदळली की चालकांची डोकी हादरू लागली, कर्ट बुशला खेळ सोडावा लागला. पुढच्या हंगामाला मागची चौकट बदलली.

[दृश्य : छोटा स्थानिक ट्रॅक. शनिवार रात्र.]

हे नॅसकारच्या वरच्या मालिकांचं. अमेरिकेत शनिवारी रात्री अर्ध्या-पाव मैलाच्या ट्रॅकवरही गाड्या धावतात. दिवसभर गॅरेजात राबणारी माणसं, शाळकरी पोरं. इथे नियम ट्रॅकवाले ठरवतात, आणि पुष्कळ ठिकाणी हान्स घालाच असं ते सांगत नाहीत. घातलं तर बरं, एवढंच. साधं हान्स काही शे डॉलरना मिळतं. गाडीला नवे टायर घालायलाही जवळपास तेवढेच लागतात, आणि टायर मात्र सगळे जण घालतात.