एका रेणूची विद्युतधारा

[दृश्य : काळा पडदा, त्यावर थरथरती हिरवी रेषा]

या रेषेकडे, म्हणजे पेशीच्या पटलातून वाहणाऱ्या विद्युतधारेच्या आलेखाकडे, बघत राहा. आत्ता काहीच घडत नाहीये... आणि ही उतरली! काही मिलिसेकंद तळाशी थांबली आणि तशीच ताडकन वर आली. मधला चढ-उतार नाहीच, सरळ पायरी. प्रथिनाचा एक, फक्त एक रेणू उघडला आणि मिटला.

१९७६ साल. जर्मनीतलं गॉटिंगेन. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूपेशीवर अशा पायऱ्या पहिल्यांदा नोंदवल्या. पेशीच्या पटलात आयनांची (विद्युतभारित अणूंची) ये-जा होऊ देणारी प्रथिनं असावीत, हा अंदाज जुनाच होता. पण एकट्या रेणूला गाठायचं कसं? त्यातली धारा दोन-चार पिकोअँपिअर. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग! त्या धारेतही सेकंदाला कोट-दोन कोट आयन पार होतात, पण पेशीच्या एकूण विद्युत गोंगाटात तिचा पत्ताही लागत नाही.

म्हणून दोघांनी अख्खी पेशी मोजायचा नाद सोडला. काचेची नळी तापवून ओढली की टोक मायक्रोमीटरभर उरतं. त्यात क्षारांचं पाणी भरायचं, ते टोक पटलावर टेकवायचं आणि तोंडाखाली येईल तेवढ्याच तुकड्याची धारा मोजायची. हेच पॅच क्लॅम्प तंत्र.

खरी डोकेदुखी होती गळतीची. काच आणि पटल यांच्यातल्या फटीतून धारा निसटायची. १९८०च्या सुमारास उपाय सापडला, आणि तो इलेक्ट्रॉनिक्समधला नव्हताच. नळी नवीकोरी, स्वच्छ हवी आणि आतून हलकी ओढ द्यायची. पटल काचेला असं चिकटतं की फटीचा रोध एकदम अब्जावधी ओहमवर जातो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाशी बसलेली संशोधक, ओठांत बारीक ट्यूब]

ही ओढ आजही कित्येक ठिकाणी अशी तोंडानेच देतात. शेजारी लाखोंचा ॲम्प्लिफायर, आणि ओठांत प्लास्टिकची ट्यूब!

नेहर-झाकमान यांना १९९१चं नोबेल मिळालं. पण तंत्राचा दबदबा वाढला तो औषधांमुळे. हृदयाच्या पेशींत हर्ग नावाची पोटॅशियम-वाहिनी, म्हणजे पोटॅशियमचे आयन जाऊ देणारं प्रथिन, असते. ती तुंबली तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. ॲलर्जीवरचं टेर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं ते यामुळेच. आता नवं औषध माणसाला देण्याआधी हर्गवर तपासतात. त्यासाठी एका वेळी ३८४ कप्प्यांत मोजणारी यंत्रं आली आहेत. मेंदूच्या कापातला एखादा न्यूरॉन गाठायचा असेल, तर मात्र कित्येक प्रयोगशाळांत अजून ट्यूब ओठांत धरूनच बसावं लागतं.