फिन-फॅन कूलर : एक थंड ट्यूब शोधा

फिन-फॅन कूलर म्हणजे आतला गरम द्रव किंवा वायू पंख्याच्या हवेने थंड करणारं यंत्र. हे मोठे पंखे फिरतायत ना, त्यांच्या वरच्या बाजूला ट्यूबचा बंडल आहे. एकेक ट्यूब साधारण 25 मिमी व्यासाची, तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ फिन, म्हणजे उष्णता हवेला देणाऱ्या पट्ट्या, इंचाला 10-11. आत प्लांटमधला गरम द्रव किंवा वायू, बाहेर साधी हवा, थंड करायला पाण्याची भानगडच नाही, म्हणून मग वर चढून बघायलाही कोणी जात नाही.

आता खालून बघा. धूळ, किडे, बेल्टचा भुसा, सगळं तळाच्या ओळीत अडकून गोधडीसारखा थर झालाय. वरून बंडल स्वच्छच दिसतो! कूलिंग कमी पडलं की पंख्याच्या ब्लेडचा पिच (तिरकेपणा) वाढवतात, मोटर जास्त अँपियर खेचते, हवा मात्र हवी तेवढी वाढत नाही. मग धुवायला घेतात, आणि प्रेशर जेट तिरका लागला की फिन अशा आडव्या पडतात, बघा, या पट्ट्यात हवेला वाटच उरली नाही. नुसत्या गुंडाळलेल्या फिनचा अजून एक त्रास, ट्यूब खूप तापली की त्या सैल पडतात, खाली ओल शिरून गंज धरतो. फिन जागेवरच असते हो, पण उष्णता घेत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आतल्या बाजूची. रिफायनरीत हायड्रोट्रीटरनंतरच्या (तेलातलं गंधक हायड्रोजनने काढणाऱ्या युनिटनंतरच्या) कूलरमध्ये अमोनियमचे क्षार जमतात, ते विरघळावेत म्हणून आधी पाणी सोडतात, पण ते पाणी सगळ्या ट्यूबमध्ये सारखं गेलं पाहिजे. एखादीला कमी मिळालं की ती चोंदते, फ्लो थांबतो, ट्यूब थंड पडते. शेजारच्या ट्यूब गरम, त्या लांबतात, ही लांबत नाही, आणि सगळा ताण ट्यूबशीटमधल्या (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड प्लेटमधल्या) रोल केलेल्या, म्हणजे टोक फुगवून घट्ट बसवलेल्या, जॉइंटवर येतो. शिवाय क्षाराखाली मेटल खात जातं ते वेगळंच.

थर्मल कॅमेऱ्यात बघा, लाल रांगेत ही एकच निळी रेघ. गळती अजून नाहीये, हेडर बॉक्सचे, म्हणजे ट्यूबच्या टोकांवरच्या पेटीचे, प्लगही कोरडे आहेत, पण उघडायची वेळ आत्ताची आहे, कारण इथे फुटलं तर बाहेर हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाईड येतो, आणि पंखे तो पसरवतात.

फुटलेली ट्यूब दोन्ही टोकांना प्लग मारून बंद करता येते. फक्त बंद केलेली ट्यूबही आता थंडच राहणार, म्हणजे शेजारच्या जॉइंटवरचा ताण तसाच.