युरोपात गाडी घेऊन निघताय? आधी शहराचा झोन बघा

नमस्कार मंडळी! सुट्ट्या जवळ आल्यात, कुणाचे आई-बाबा पुण्याहून येणार, कुणाचे सासू-सासरे नागपूरहून, आणि घरोघरी गाडीने कुठे कुठे जायचं याचे बेत चाललेत. हॉटेल बघून झालं, टोलचं झालं, डब्यात काय न्यायचं तेही ठरलं, पण आपली गाडी त्या शहरात नेता येते का, हे बघायचं मात्र बहुतेक घरी राहूनच जातं. आज त्याबद्दलच बोलायचंय, लो एमिशन झोनबद्दल, आणि त्यातही त्याची माहिती शोधायची कुठे आणि कशी याबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे.

झोन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. शहराचा ठरवून दिलेला भाग, आणि त्यात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी किंवा रोजचा चार्ज. सुरुवात स्वीडनने केली, १९९६ मध्ये, स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो अशा शहरांत जड वाहनांसाठी. मग २००८ मध्ये जर्मनीत बर्लिन, कोलोन, हॅनोव्हर आणि त्याच वर्षी लंडन, आणि आता युरोपभर असे शेकडो झोन आहेत. गाडी जुनी की नवी हे ठरतं तिच्या युरो क्लासवरून, म्हणजे आपल्याकडे भारत स्टेज चार, भारत स्टेज सहा म्हणतात ना, ते मुळात याच युरोच्या धर्तीवर केलेलं आहे, त्यामुळे आपल्याला हे समजायला अवघड नाही.

अवघड काय आहे, तर प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. जर्मनीत काचेवर स्टिकर लागतो. फ्रान्समध्येही स्टिकर, पण तो वेगळा, जर्मन स्टिकर तिथे चालत नाही. बेल्जियममध्ये स्टिकर नाहीच, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पण परदेशी गाडी असेल तर आधी ऑनलाइन रजिस्टर करावी लागते. लंडनमध्ये पैसे भरून आत जाता येतं, ग्लासगो-एडिनबरामध्ये पैसे भरायची सोयच नाही, जुनी गाडी आत गेली की सरळ साठ पौंडाचा दंड. आणि मग होतं असं की नवीकोरी, अगदी युरो सहावाली गाडी असलेल्या माणसालाही दंड बसतो, कारण स्टिकर लावला नव्हता किंवा रजिस्ट्रेशन करायचं असतं हेच माहीत नव्हतं. जर्मनीत झोनमध्ये हिरवा स्टिकर नसेल तर शंभर युरो, गाडी कितीही स्वच्छ असो! बाहेरच्या देशातून आलेल्या इलेक्ट्रिक गाडीलासुद्धा स्टिकर हवा. मला हे मनापासून खटकतं. दंड धूर सोडणाऱ्या गाडीला बसावा, फॉर्म सापडला नाही म्हणून बसू नये. पण नियम आहे तो आहे, तेव्हा आपण आपली तयारी करूया.

पहिलं काम गाडीच्या कागदाचं. युरोपियन युनियनमध्ये रजिस्ट्रेशनच्या कागदावर जे छोटे कोड असतात ते सगळ्या देशांत सारखे आहेत, भाषा कुठलीही असो. बी म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख, पी.३ म्हणजे इंधन, आणि व्ही.९ म्हणजे प्रदूषणाचा वर्ग, तिथे बहुतेक वेळा युरो पाच, युरो सहा असं काहीतरी सापडतं. व्ही.९ रिकामं असेल तर घाबरू नका, पुष्कळ ठिकाणी तारीख आणि इंधनावरून वर्ग काढता येतो. या तीन गोष्टींचा फोटो फोनमध्ये ठेवा, कुठल्याही देशाचा फॉर्म भरताना हेच विचारतात.

दुसरं म्हणजे माहिती घ्यायची ती त्या शहराच्या किंवा त्या देशाच्या सरकारी पानावरूनच. व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारू नका असं मी म्हणणार नाही, ग्रुपवर विचारा, लिंक मागा, पण उत्तर तिथलं धरू नका, कारण सांगणारा दोन वर्षांपूर्वी गेलेला असतो आणि नियम बदललेला असतो. हॅनोव्हरचंच बघा, २००८ मध्ये सगळ्यात आधी सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी झोन काढूनही टाकला, हवा सुधारली म्हणून. उलट पोलंडमध्ये वॉर्सात २०२४ मध्ये नवा सुरू झाला. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत तर २०२५ मध्ये हे झोन रद्दच करायच्या बाजूने मतदान झालं, म्हणून पॅरिस, लिऑनला जाणाऱ्यांनी निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघायलाच हवं.

सगळ्या शहरांचा अंदाज एका जागी हवा असेल तर अर्बन अ‍ॅक्सेस रेग्युलेशन्स नावाची वेबसाइट आहे, नकाशा आहे, शहराचं नाव टाकलं की तिथे कुठल्या प्रकारची बंदी आहे ते कळतं आणि सरकारी पानाच्या लिंक मिळतात. वाटेत कुठली शहरं लागतात ते काढायला ती फार उपयोगी, पण पैसे भरायचे, रजिस्टर करायचं ते शेवटी त्या शहराच्या पानावर.

आणि इथे जरा सावध राहा, कारण सर्च केलं की वर जाहिराती येतात आणि त्यातल्या बऱ्याच साइट सरकारी नसतात, दिसायला अगदी तशाच, झेंडा, शिक्का सगळं. फ्रान्सचा क्रिटएअर स्टिकर सरकारी साइटवर पोस्टेज धरूनही पाच युरोच्या आत-बाहेर पडतो आणि या मधल्या साइट त्याचेच कितीतरी पट घेतात. पत्त्याचा शेवट बघायचा. फ्रान्सचं सरकारी पान असेल तर शेवटी जीओयूव्ही डॉट एफआर, ब्रिटनचं असेल तर जीओव्ही डॉट यूके. आई-बाबा किंवा नवीन आलेली मुलं फोनवर घाईत पहिलीच लिंक दाबतात, त्यांना हे नक्की सांगा. आणि स्टिकर पोस्टाने घरी येतो, तेव्हा आदल्या रात्री आठवण होऊन उपयोग नाही.

आता लंडनबद्दल, कारण इथले फोन सगळ्यात जास्त येतात. यूलेझ, म्हणजे लंडनचा अल्ट्रा लो एमिशन झोन, २०१९ मध्ये फक्त मधल्या लंडनमध्ये होता, २०२१ मध्ये वाढला, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर आहे. साधारण २००६ पासूनच्या पेट्रोल गाड्या आणि सप्टेंबर २०१५ नंतरच्या डिझेल गाड्या नियमात बसतात, बाकीच्यांना दिवसाला साडेबारा पौंड, चोवीस तास, फक्त नाताळच्या दिवशी सुट्टी. टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक खात्याच्या, साइटवर नंबरप्लेट टाकली की लगेच कळतं. पण स्लाव, रेडिंगकडच्या लोकांनी हे ऐका, हीथ्रो एअरपोर्ट या झोनच्या आत आहे! एम २५ बाहेर आहे, एअरपोर्ट आत. आणि दिवस धरतात मध्यरात्र ते मध्यरात्र, म्हणजे रात्री साडेअकराला जुनी डिझेल घेऊन टर्मिनलला पोचलात, विमान उशिरा आलं, बॅगा यायला वेळ लागला आणि साडेबाराला निघालात, तर दोन दिवसांचे पैसे. शिवाय टर्मिनलच्या दारात सोडायचा चार्ज वेगळा आणि मध्य लंडनचा कंजेशन चार्ज वेगळा, एक भरला म्हणून दुसरा सुटत नाही. यूलेझचे पैसे गेलेल्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरता येतात, तेव्हा पाहुणे घरी आणून जेवणं उरकून मग भरलेत तरी चालतं, पण भरा. बर्मिंगहॅमचा झोन वेगळा, तिथे आठ पौंड, आणि भरायला सहा दिवस मिळतात, तेही ब्रिटन सरकारच्या पानावर.

इटलीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथे मिलानमध्ये प्रदूषणाचे झोन आहेतच, एरिया बी आणि एरिया सी, पण फ्लॉरेन्स, पिसा, रोम इथे आपली माणसं सापडतात ती झेडटीएलमध्ये, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या झोनमध्ये. तो झोन जुन्या शहरातली गर्दी कमी करायला आहे, त्याचा धुराशी तसा संबंध नाही, म्हणून नुसतं लो एमिशन असं शोधलंत तर तो तुम्हाला दिसणारच नाही. वेशीवर दिव्यांची पाटी असते. वार्को आत्तिवो असं लिहिलेलं दिसलं तर आपल्याला वाटतं रस्ता चालू आहे, आणि तिथेच घोळ होतो, त्याचा अर्थ कॅमेरा आणि बंदी चालू आहे असा होतो. नॉन आत्तिवो असेल तेव्हा जायचं. हॉटेल आतमध्ये असेल तर बुकिंग करतानाच त्यांना नंबरप्लेट कळवा, सामान उतरवायला येणाऱ्या गाडीची नोंद बरीच हॉटेलं करून देतात. भाड्याची गाडी असेल तर दंडाशिवाय भाड्याच्या कंपनीची वेगळी फी कार्डावरून जाते, आणि हे सगळं कळतं तुम्ही मुंबईला परत पोचल्यावर कित्येक महिन्यांनी.

काही जण विचारतात, एवढा त्रास कशाला द्यायचा गाडीवाल्यांना. मी त्यांना एलाबद्दल सांगते. एला अडू-किसी-डेब्रा, नऊ वर्षांची मुलगी, दक्षिण लंडनमध्ये लुइशमला राहायची, साउथ सर्क्युलर नावाच्या कायम वाहत्या रस्त्याच्या अगदी जवळ. तिला दम्याचा भयंकर त्रास व्हायचा, सारखं हॉस्पिटल, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. तिची आई रोझमंड वर्षानुवर्षं लढली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निकाल दिला की तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषण कारणीभूत होतं. मी आई म्हणून हे वाचलं तेव्हापासून मला साडेबारा पौंडांची तक्रार करवत नाही. नियम हवेत, आणि ज्यांना जुनी गाडी बदलणं परवडत नाही त्यांना मदतही हवी, आणि माहिती तर सगळ्यांना सोपी करून मिळायलाच हवी, त्यांच्या भाषेत. रात्रपाळीला जाणारा डिलिव्हरीवाला मुलगा किंवा नुकतीच लायसन्स मिळालेली एखादी ताई, यांनी पाच वेबसाइट फिरून अंदाज बांधत बसायचं, हे बरोबर नाही. आपल्याला येतं तर आपण शेजारच्याचं बघून देऊया, दहा मिनिटांचं काम असतं.

शेवटचं, समजा नोटीस आलीच. टाकून देऊ नका आणि घाबरून लगेच पैसेही भरू नका. आधी तारीख, जागा, नंबरप्लेट बघा, आपलीच गाडी आहे ना, ते बघा. लंडनची नोटीस एकशेऐंशी पौंडांची असते, चौदा दिवसांत भरली तर नव्वद, त्यामुळे पाकीट उघडायलाच उशीर करणं महागात पडतं. तुमच्याकडे भरल्याची पावती, स्टिकरचा फोटो किंवा रजिस्ट्रेशनचा ईमेल असेल तर नोटिशीवर आक्षेप कसा घ्यायचा ते लिहिलेलं असतं, मुदतीच्या आत लिहा, पावती जोडा. भाषा कळत नसेल तर तिथली भाषा येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि पैसे भरायचे ते नोटिशीवर दिलेल्या सरकारी पत्त्यावरच, फोनवर आलेल्या मेसेजच्या लिंकवर नाही.