भाड्याचे घर : वही, ओल आणि विक्री

श्रोतेहो, नमस्कार.

गुंतवणूक म्हणून घेतलेले घर कितीला पडले आणि त्यातून वर्षाला किती मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक मालक चटकन देतात. पण ती उत्तरे बहुधा कागदावर मांडून पाहिलेली नसतात. समजा, घराची किंमत 100 आहे आणि वर्षाचे भाडे 5 येते. मालक म्हणतो, पाच टक्के सुटतात. पण नोंदणी, कर, दलाली आणि सुरुवातीची डागडुजी धरली, तर ते घर 107 ला पडलेले असू शकते. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले तर भाड्यातले 0.42 गेले, देखभाल, विमा आणि मालमत्ता कर यांत आणखी 1.2 गेले. उरले 3.38, आणि तेही 107 वर, म्हणजे जेमतेम 3.2 टक्के. कर्ज काढून घर घेतले असेल, तर व्याजाचा दर या आकड्याशेजारी लिहून पाहावा. पुष्कळांचा भ्रम तिथेच फिटतो.

म्हणून माझा पहिला आग्रह वहीचा आहे. प्रत्येक घरासाठी स्वतंत्र वही आणि स्वतंत्र बँक खाते ठेवावे, आणि दुरुस्तीची बिले जपताना किरकोळ डागडुजी एका बाजूला व घरात कायमची भर घालणारी कामे दुसऱ्या बाजूला लावावीत. नळाचा वायसर बदलणे वेगळे आणि नवे न्हाणीघर बांधणे वेगळे. बऱ्याच देशांच्या करकायद्यांत दुसऱ्या प्रकारचा खर्च विक्रीच्या वेळी खरेदीच्या किमतीत मिळवता येतो, पण बिल हाती असेल तरच. दहा वर्षांनी ते शोधत बसण्यात अर्थ नसतो.

भाडेवाढीचा मोह समजण्यासारखा आहे, तरी तिचेही गणित करून पाहावे. पाच टक्के वाढीवर अडून बसल्यामुळे चांगला भाडेकरू सोडून गेला आणि घर एक महिना रिकामे पडले, तर तो बुडालेला महिना वाढीव रकमेतून भरून निघायला 20 महिने लागतात. वेळेवर भाडे देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या माणसाला थोडे कमी भाडे लावून टिकवण्यात, माझ्या मते, नुकसान नाही. मात्र त्याने गळतीची तक्रार केली, तर त्याच आठवड्यात जाऊन पाहावे.

गळतीवर थोडे सविस्तर बोलतो, कारण घराचे सर्वाधिक नुकसान पाणी करते आणि सर्वाधिक पैसा वाया जातो तो चुकीच्या क्रमाने केलेल्या दुरुस्तीत. मी स्वतः एकदा ओल आलेल्या भिंतीला घाईने महागडा रंग देऊन मोकळा झालो होतो. चार महिन्यांत पोपडे सुटले, आणि भिंत फोडल्यावर कळले की दोष आतल्या नळाच्या एका जोडात होता. ओल कुठून येते हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीतली वाफ बाहेर जात नाही आणि तिथे खिडकी किंवा पंखाच उपाय आहे. आधी उगम बंद करावा, मग भिंत वाळू द्यावी, मग गिलावा करावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर साधारण चार आठवडे रंग लावू नये, कंत्राटदार कितीही घाई करो.

सुधारणा करताना आपली आवड बाजूला ठेवावी लागते. भाडेकरूला संगमरवर नको असतो. पाण्याचा दाब, पुरेसे प्लग पॉइंट, नीट लागणारी खिडकी आणि दाराचे भक्कम कुलूप हवे असते.

विकताना आधी कागद पाहावेत. खरेदीखतांची साखळी, कर भरल्याच्या पावत्या आणि बांधकामाचा मंजूर नकाशा जुळत आहे का, कर्ज फिटले असेल तर बोजा, म्हणजे कर्जापोटी घरावर नोंदलेला बँकेचा हक्क, खरोखर उतरला आहे का, हे जाहिरात देण्यापूर्वी तपासावे. गिऱ्हाईक समोर बसल्यावर कागद निघाला नाही, तर भाव पडतो. किंमत ठरवताना शेजारचे घर कितीला मागितले जाते ते नव्हे, तर कितीला विकले गेले ते पाहावे. भाडेकरू असलेले घर गुंतवणूकदाराला चालते, पण स्वतः राहणाऱ्याला ते रिकामे लागते. त्यामुळे गिऱ्हाईक कोण हे ठरवूनच करारातल्या मुदतीप्रमाणे भाडेकरूला सूचना द्यावी. दुरुस्त न झालेला दोष रंगाखाली लपवू नये. तो सांगून किंमत कमी केलेली बरी, कारण तोच दोष नंतर वादाचे कारण होतो.

ताबा देण्याच्या दिवशी वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दोघांच्या देखत लिहून घ्यावेत, किल्ल्या मोजून द्याव्यात, त्याच कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत आपल्या वहीत चिकटवून ठेवावी.

नमस्कार.