चोवीस नावं होऊन गेली, मग माईक ट्राऊट

जून 2009, न्यू जर्सीतलं सिकॉकस गाव, एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग, तिच्या टीव्ही नेटवर्कचा स्टुडिओ. बेसबॉलचा ड्राफ्ट चालू आहे, लाईव्ह. आता ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नाही हं, इथे बोली नसते, टीम्स ठरलेल्या क्रमाने एकेक पोरगा उचलतात आणि पोराला विचारतं कोण! पहिलं नाव अपेक्षेप्रमाणे स्टीफन स्ट्रासबर्ग, त्याला पुढे दीड कोटी डॉलरच्या वर मिळाले.

पण त्या स्टुडिओत स्वतः येऊन बसलेला प्लेयर एकच. माईक ट्राऊट, वय 17, गाव मिलव्हिल, त्याच राज्यातलं. बाकीचे सगळे घरी टीव्हीसमोर. आणि हा इथे, कॅमेऱ्यासमोर, दहा नावं झाली, पंधरा झाली, वीस झाली, ह्याचं नाव काही येईना. 24वा नंबर लॉस एंजेलिस एंजल्सचा, त्यांनी रँडल ग्रिचक घेतला. 25वाही त्यांचाच, तो खरा न्यूयॉर्क यांकीज टीमचा, पण यांकीजनी एंजल्सचा प्लेयर मार्क टिशेरा पळवला होता म्हणून भरपाई म्हणून इकडे आलेला. त्या उसन्या नंबरवर ट्राऊट.

एवढ्या टीम्सनी सोडला कसा? एक कारण तर हवामान. कॅलिफोर्निया-फ्लोरिडाची पोरं बाराही महिने खेळतात, न्यू जर्सीत मार्चमध्ये मैदानावर बोटं गारठतात, शाळेचा सीझन आखूड, समोरचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, साधारण, मग स्काऊट, म्हणजे टीमसाठी पोरं हेरणारा, म्हणतो, इथे मारलेल्या होमरनवर, म्हणजे थेट मैदानाबाहेरच्या फटक्यावर, भरवसा किती ठेवायचा? माझ्या मते हा आळसच होता, पोरगा पळतो कसा ते बघायला ऊन लागत नाही.

एंजल्सचा स्काऊट ग्रेग मॉरहार्ट मात्र बघत होता. माईकचे वडील जेफ मिनेसोटा ट्विन्सच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या टीममध्ये, खेळलेले, मेजरपर्यंत काही पोचले नाहीत, नंतर मिलव्हिलच्या शाळेत शिक्षक झाले, आणि मॉरहार्ट त्यांचा तेव्हाचा टीममेट! ओळखीने मिळालं असं म्हणायला जागा आहे, पण ओळखीवर 12 लाख 15 हजार डॉलरचा बोनस कोणी देत नाही.

मग मायनर लीग. ॲरिझोना, सीडर रॅपिड्स, रँचो कुकामोंगा, अर्कान्सा. बसचे लांबलचक प्रवास, छोटी स्टेडियम्स. बरेचसे ड्राफ्टवाले इथेच अडकतात, ह्याने दोन वर्षांत उरकलं. गंमत बघा, ज्याच्या कारकिर्दीत तो निवडला गेला त्या स्काऊटिंग डायरेक्टर एडी बेनचा करार क्लबने 2010 नंतर वाढवलाच नाही, पोरगा वर यायच्या आधीच.

8 जुलै 2011, मेजर लीग पदार्पण, सिॲटल मरिनर्ससमोर, वय 19. तीन वेळा बॅटिंग, हिट, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचणं, शून्य. त्या वर्षी 40 मॅचेसमध्ये ॲव्हरेज .220, म्हणजे शंभर संधीत बावीस हिट, हा काही मेजर लीगचा आकडा नव्हे. 2012चा सीझनही त्याने खालीच सुरू केला, सॉल्ट लेकमध्ये. इकडे एंजल्सची अवस्था 6 विजय 14 पराभव, आणि 28 एप्रिलला त्याला फोन गेला, ये वर.

पुढचं सगळं सांगायला हा व्हिडिओ पुरणार नाही, एकच क्षण घेऊ. 27 जून, बाल्टिमोर. जे. जे. हार्डीने मारलेला बॉल सेंटर फील्डच्या भिंतीकडे, होमरनच म्हणायचा. ट्राऊट पाठमोरा धावतो, भिंतीजवळ उडी घेतो, हात कुंपणाच्या वर, आणि बॉल ग्लोव्हमध्ये! स्लो मोशनमध्ये बघाच, आणि लक्ष बॉलवर नको, पायांवर ठेवा.

सीझन संपला तेव्हा ॲव्हरेज .326, 30 होमरन, 49 स्टील्स, म्हणजे पळत चोरलेले बेस, 129 रन्स. रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, ह्या बक्षिसाला सगळीच्या सगळी 28 पहिल्या नंबरची मतं. एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, मात्र गेला डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल कब्रेराला, कारण त्याने ट्रिपल क्राऊन मारला होता, म्हणजे ॲव्हरेज, होमरन आणि मिळवून दिलेले रन्स, तिन्हीत लीगमध्ये पहिला, 1967 नंतर पहिल्यांदाच कुणीतरी. ह्यावर बेसबॉलवाले अजून भांडतात. मी ट्राऊटच्या बाजूने आहे, कब्रेराला कुंपणावर चढून बॉल आणायचा नव्हता.