आधी बुडायचं, मग वर यायचं: ख्रिस्ती धर्मातलं पाणी

[दृश्य: सदरचा रस्ता, दुपारची गर्दी, मग ऑल सेंट्स कॅथेड्रलचं गेट]

नागपूरच्या सदरमधून तुम्ही हजारदा गेले असाल, खरेदीला म्हणा नाहीतर संध्याकाळी नुसतं फिरायला म्हणा, पण या गेटच्या आत किती जण गेले असतील देव जाणे. 29 नोव्हेंबर 1970 ला इथं एक मोठं काम झालं. उत्तर भारतातली सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो ते, याच ठिकाणी सुरू झालं. बोलणी 1929 पासून चालू होती. म्हणजे चाळीस वर्षं! आणि जे मुद्दे अडून बसले होते त्यातला एक होता पाणी.

हो, पाणीच. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली लोकं तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी देतात, डोक्यावर पाणी ओततात. बॅप्टिस्ट, ब्रेदरन वगैरे मंडळी म्हणतात बाळाला काय कळतं, माणूस मोठा होऊ द्या, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करू द्या आणि मग त्याला पूर्ण पाण्यात बुडवा. पाणी डोक्यावर घालायचं की डोक्यावरून जाऊ द्यायचं, असा वाद. शेवटी ठरलं ते असं की दोन्ही पद्धती चालतील, कुणाच्या बाप्तिस्म्याला कुणी कमी लेखायचं नाही. मला विचाराल तर हा फार शहाणा तोडगा होता, पण कागदावर जेवढा सोपा दिसतो तेवढा प्रत्यक्षात सोपा नसणार, कारण दोन्ही बाजूंना पाणी हे नुसतं पाणी वाटतच नव्हतं.

[दृश्य: बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, जवळून]

बाहेरच्या माणसाला वाटतं बाप्तिस्मा म्हणजे पाप धुणं, आंघोळीसारखं काहीतरी. ते आहेच, नाही असं नाही. पण येशूचा प्रेषित पौल, त्यानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला जे पत्र लिहिलं त्याच्या सहाव्या अध्यायात तो भलतंच बोलतो. तो म्हणतो बाप्तिस्मा म्हणजे पुरलं जाणं. ख्रिस्ताबरोबर मरणात जायचं, पुरलं जायचं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठायचं. म्हणजे हे कुंड दिसतंय ना तुम्हाला, ती एका अर्थानं कबर आहे. गोड बाळ, पांढरा झगा, फोटोग्राफर, केक, सगळं चालू असतं आणि मधोमध ही कबर. पाळक तीनदा पाणी ओततात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं, आणि बाळ बहुतेक वेळा रडतं. बरोबरच आहे त्याचं.

सीरियात दुरा-युरोपस नावाचं गाव होतं, तिथं एका घराचंच चर्च केलेलं होतं, साधारण इ.स. 240 च्या सुमाराचं, आणि त्यात बाप्तिस्म्याची खोली सापडली. पाण्याच्या हौदावर कमानीचं छत, बघितलं की थडगंच आठवतं. आणि भिंतींवर चित्रं काय, तर विहिरीवरची बाई, पाण्यावर चालणारा येशू आणि बुडत असलेला त्याचा शिष्य पेत्र, येशूच्या थडग्याकडे जाणाऱ्या बायका. पुढे युरोपात पुष्कळ ठिकाणी ही कुंडं आठ बाजूंची बांधली, आठ कारण सात दिवसांचा आठवडा संपला की जो पुढचा दिवस येतो तो पुनरुत्थानाचा. बायबलमधल्या जलप्रलयात नोहाच्या तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, जी माणसं वाचली तीही आठच होती, आणि पेत्राच्या पत्रात त्या जलप्रलयाचा संबंध सरळ बाप्तिस्म्याशी जोडलाय.

[दृश्य: अंबाझरी तलाव, ओव्हरफ्लोची भिंत]

जलप्रलय म्हटलं की नागपूरकराला आता वेगळं काही सांगावं लागत नाही. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. रात्रभरात धो धो पाऊस पडला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नागनदी फुगली आणि लोकं झोपेतून उठली ती गुडघाभर पाण्यात. एरवी ज्या तलावाच्या काठावर आपण भुट्टे खातो त्याच तलावाचं पाणी बेडरूममध्ये. जीवही गेले. बायबलमधलं पाणी समजायचं असेल तर ती पहाट आठवायची, कारण बायबलच्या पहिल्या पानावरच पाणी आहे आणि ते काही मिनरल वॉटर नाही, अंधार आहे, खोल जलाशय आहे आणि त्याच्यावर देवाचा आत्मा तरंगून राहिलाय. इस्राएली लोकं काही दर्यावर्दी नव्हती, समुद्राला घाबरणारी होती. त्यांच्या गोष्टींत समुद्र नेहमी धाकात ठेवावा लागतो. मोशे येतो तेव्हा तो दुभंगतो, लोकं कोरड्या पायानं पार होतात आणि मागून येणारं फारोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं सैन्य त्याच पाण्यात बुडतं. योना बोटीवरून फेकला जातो. गालीलच्या सरोवरात वादळ येतं, शिष्य ओरडून राहिलेत आणि येशू नावेत मस्त झोपलाय, मग उठतो आणि वाऱ्याला दटावतो. आणि अगदी शेवटी, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते तेव्हा समुद्र उरतच नाही. आपल्याला वाटेल समुद्र नाही म्हणजे केवढं नुकसान, गोव्याला कुठं जायचं! पण ज्यांनी ते लिहिलं त्यांना त्यात सुटका दिसत होती. लगेच पुढच्या अध्यायात नदी मात्र आहे, जीवनाच्या पाण्याची, दोन्ही काठांना झाडं असलेली.

[दृश्य: मे महिन्यातला रस्ता, हिरव्या जाळीखालचा प्याऊ, माठ]

आता दुसरी बाजू. नागपूरचा मे. 2013 मध्ये पारा 47.9 ला गेला होता, आणि 2024 ला तर एका सेन्सरनं चक्क 56 दाखवलं, देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. (आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो आकडा खराच वाटला हे विशेष.) अशा उन्हात प्याऊवर थांबून ओंजळीनं पाणी प्यायलेल्या माणसाला बायबलच्या स्तोत्रसंहितेतली ती हरणी वेगळी समजावून द्यावी लागत नाही, ओढ्यासाठी धापा टाकणारी. तिकडे बायबलच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात येतो, उन्हाळा पूर्ण कोरडा, घरोघरी पाणी साठवायचे हौद खोदलेले. यिर्मया संदेष्टा देवाची तक्रार सांगतो ती याच भाषेत, की माझ्या लोकांनी वाहता झरा सोडला आणि स्वतःसाठी फुटके हौद खोदले ज्यात पाणी टिकतच नाही. उन्हाळ्यात टाकी लीक झालेल्या कुठल्याही घरात हे वाक्य कळतं.

पण मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते विहिरीवर.

[दृश्य: जुनी विहीर, दोर, बादली]

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. शोमरोन प्रांत, सूखार गाव, याकोबाची विहीर. ही विहीर आजही आहे, पॅलेस्टाईनमध्ये नाब्लुस शहरात, तिच्यावर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च उभं आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून चालून थकलाय, विहिरीवर बसलाय, शिष्य गावात खायला आणायला गेलेत. एक बाई एकटी पाणी भरायला येते. भर दुपारी एकटी का आली यावर प्रवचनं पुष्कळ झालीत, बहुतेकांत तिच्या पाच नवऱ्यांवरच जास्त वेळ जातो, ते सोडा. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. आणि ती काय म्हणते? तुम्ही यहुदी, मी शोमरोनी बाई, माझ्याकडे पाणी कसं मागता? कारण यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते, एका भांड्यातनं पिणं तर दूरच.

हे आपल्या मुलखात कुणाला समजावून सांगायचं? 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी हजारो लोकांसोबत चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते पाणी काय तहान लागली म्हणून घेतलं होतं? कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, यावर इथं माणसाची किंमत ठरत आली. म्हणून हा अध्याय मराठीत वाचताना जसा अंगावर येतो तसा बाकी कुठल्या भाषेत येत असेल असं मला वाटत नाही. इथं गुरू स्वतः खालची समजल्या गेलेल्या बाईकडे तिच्या भांड्यातलं पाणी मागतो, आधी मागतो आणि मग देण्याची गोष्ट करतो. तो म्हणतो, मी तुला जिवंत पाणी दिलं असतं. ती व्यवहारी बाई, ती विचारते तुमच्याजवळ तर बादलीसुद्धा नाही अन् विहीर खोल आहे! तेव्हा तो म्हणतो या विहिरीचं पाणी पिणाऱ्याला परत तहान लागेल, मी देईन ते पाणी माणसाच्या आतच झरा होईल. मग बोलणं वाढत जातं, ती घागर तिथंच टाकून गावात पळते लोकांना सांगायला. गंमत म्हणजे येशूला शेवटी पाणी मिळालं का हे योहानानं लिहिलेलंच नाही. आणि हाच योहान पुढे क्रुसावरचा येशू दाखवतो तेव्हा तो म्हणतो, मला तहान लागली आहे. मरणानंतर शिपाई कुशीत भाला मारतो आणि रक्त आणि पाणी बाहेर येतं.

[दृश्य: नकाशा, यार्देन नदी]

यार्देनबद्दल थोडं. येशूचा बाप्तिस्मा जिथं झाला असं मानतात ती पूर्व काठावरची जागा जॉर्डन देशात आहे, 2015 मध्ये तिला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. तिथं जाणाऱ्यांना धक्का बसतो, कारण नदी अगदी अरुंद, गढूळ, वरच्या बाजूला पाणी वळवून घेतलेलं. पण यार्देनला नावं ठेवणं नवीन नाही. सीरियाचा सेनापती नामान, कोड झालेला, त्याला अलीशा संदेष्टा सांगतो यार्देनेत सात वेळा बुडी मार, तर तो चिडतो, की आमच्या दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत? शेवटी नोकरांनी समजूत घातली तेव्हा गेला, बुड्या मारल्या आणि बरा झाला.

[दृश्य: हिस्लॉप कॉलेज, मग बुटीबोरीकडचा रस्ता, टाकळघाटची शिळावर्तुळं]

आणि नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासातलं पाणी म्हटलं की स्टीफन हिस्लॉप. कॉलेजचं नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो. स्कॉटलंडचा मिशनरी, 1845 ला नागपुरात आला, शाळा काढली, गोंड लोकांच्या कथा आणि गाणी जमवली, आणि त्याला दगडांचं भयंकर वेड. टाकळीजवळ लाव्हाच्या थरांच्या मधे त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, रॉबर्ट हंटरला, गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडले. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या काळात, या जागेवर तळी होती. हा माणूस 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून बोरीकडे परतत होता, अंधार पडलेला, पावसानं नाला फुगलेला, घोड्यावरून तो ओलांडताना बुडाला. वय शेहेचाळीसही पूर्ण नव्हतं. ज्यानं लोकांना बाप्तिस्मे दिले त्याला विदर्भातल्या नाल्यानं ओढून नेलं. याचा अर्थ लावायचा मोह होतो, पण मी लावणार नाही. एवढंच म्हणतो की पौलाचं ते वाक्य, पाणी म्हणजे कबर, त्या रात्री बोरीजवळच्या त्या नाल्यावर उपमा राहिलं नव्हतं.

[दृश्य: मोहननगर, सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना]

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात पाणी दोनदा मधोमध येतं. गुरुवारी पाय धुतात, कारण येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले आणि पेत्राला ते अजिबात पटलं नव्हतं. कॅथलिक नियमात हे पाय फक्त पुरुषांचे धुवायचे असायचे, 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बदल केला आणि बायकांनाही त्यात घेता येऊ लागलं. उशीर झाला, पण झालं.

मग शनिवारची रात्र. दिवे बंद, बाहेर विस्तव पेटवून त्याच्यावर मोठी मेणबत्ती पेटवतात, आणि पाण्याला आशीर्वाद देताना ती मेणबत्ती पाण्यात खाली उतरवून परत वर काढता येते. खाली आणि वर, तोच पौल. नंतर ते पाणी सगळ्यांवर शिंपडतात, पोरं मुद्दाम पुढं होतात. कॅथलिक घरांतले लोक घरून आणलेल्या बाटल्यांत ते भरून नेतात, आजारी माणसावर, नव्या घरात, नव्या स्कूटीवर सुद्धा शिंपडतात. आणि बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी नालीत सोडत नाहीत. पुष्कळ जुन्या चर्चमध्ये त्यासाठी वेगळं कुंड असतं, त्याचा पाइप गटाराला जोडलेला नसतो, तो थेट जमिनीत उतरतो.