संवाद पात्राचा, राग अभिनेत्रीवर

(पडद्यावर: मोबाइलवर उभी क्लिप. अभिनेत्रीचा चेहरा, त्याखाली चिनी अक्षरं.)

सप्टेंबर २०२५. डिस्ने प्लसवर 'टेम्पेस्ट' ही कोरियन मालिका नुकतीच सुरू झाली होती. आणि काही दिवसांतच चीनच्या वेइबो या समाजमाध्यमावर एक क्लिप फिरायला लागली. क्लिप काही सेकंदांची. त्यात मालिकेची नायिका, कोरियन अभिनेत्री जॉन जी-ह्यून बोलते आहे. चीनला युद्धच का हवं असतं, अणुबॉम्ब तर सीमेलगतच्या भागातही पडू शकतो, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ती हे कोणाला म्हणते, त्याआधी काय घडलं, पुढे काय होतं, यातलं त्या तुकड्यात काहीच नाही.

बघता बघता ही क्लिप हजारो लोकांच्या हातात गेली. वाक्य होतं मालिकेतल्या सो मुन-जू या पात्राचं. राजनैतिक अधिकारी राहिलेली ही बाई, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या नवऱ्याची हत्या झाल्यावर स्वतः निवडणुकीत उतरते. कोरियन द्वीपकल्पावर युद्धाचं सावट आहे, अमेरिका, चीन, उत्तर कोरिया सगळेच पडद्याआड हालचाली करतायत, आणि ही बाई मिळेल त्याला जाब विचारते आहे. गोष्ट म्हणून बघितलं तर तिच्या तोंडी असं वाक्य येणं अगदी स्वाभाविक आहे. पण वेइबोवर लोक सो मुन-जूशी बोलत नव्हते. ते जॉन जी-ह्यूनशी बोलत होते. तू असं म्हणालीस. आमच्या देशात इतकी वर्षं कमावलंस आणि असं म्हणालीस.

पाठोपाठ बातम्या आल्या, की लुई व्हितोन, ला मेर, पियाजे या ब्रँडच्या चिनी खात्यांवरून तिच्या जाहिराती उतरल्या. तिच्या एजन्सीने खुलासा केला, की ते करार मालिका येण्याआधीच संपले होते. खुलासा आला तोवर दोन्ही देशांतले चाहते हमरीतुमरीवर आले होते.

या भांडणात नेमकं काय दुखावलं गेलं, ते बघायला हवं. कारण 'चिनी लोक उगाच चिडतात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते खरं नाही.

(पडद्यावर: यालू नदी, तिच्यावरचा तुटका पूल.)

ही यालू नदी. पलीकडे उत्तर कोरिया, अलीकडे चीन. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा हीच नदी ओलांडून कोरियन युद्धात उतरल्या. चीनमध्ये शाळेपासून शिकवलं जातं ते असं: अमेरिकी सैन्य आपल्या सीमेपर्यंत येऊन ठेपलं होतं, म्हणून आपण शेजाऱ्याच्या मदतीला गेलो आणि हजारो पोरं गमावली. दक्षिण कोरियात तीच घटना अशी सांगितली जाते: युद्ध संपत आलं होतं, देश एक होण्याच्या बेतात होता, तेवढ्यात चिनी फौजा आल्या आणि जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा हातचं गेलं. दोन्हीकडच्या आजोबांनी आपापल्या नातवंडांना हेच सांगितलंय. त्यामुळे 'चीनला युद्ध हवं असतं' हे वाक्य सोलमधल्या प्रेक्षकाच्या कानावरून सहज जातं आणि चीनमध्ये ते घरातल्या माणसाच्या मरणावर टोचतं.

हे याआधीही झालं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये 'बीटीएस' या कोरियन गायकांच्या गटाला अमेरिकेच्या कोरिया सोसायटीचा पुरस्कार मिळाला. कोरियन युद्धाचं ते सत्तरावं वर्ष. गटाचा प्रमुख आरएम याने भाषणात कोरिया आणि अमेरिका या दोन राष्ट्रांनी मिळून सोसलेल्या वेदनांचा उल्लेख केला. चिनी चाहत्यांनी विचारलं, मग आमच्या सैनिकांचं काय? सॅमसंग, ह्युंदाई आणि फिलाने चीनमधून बीटीएसच्या जाहिराती हटवल्या. भाषण अगदी सौम्य होतं, कोणाला दुखावण्याचा हेतू त्यात शोधूनही सापडत नाही. तरी भडका उडाला, कारण जखम ७० वर्षांची होती आणि तिच्यावर कधी कोणी दोघांनी मिळून बोललंच नव्हतं.

'टेम्पेस्ट'वर दुसरा आक्षेप होता दालियन शहराचा. मालिकेत दालियन म्हणून जे दिसतं ते अंधारं, कोंदट, पडक्या वस्तीचं ठिकाण आहे. ते चित्रण हाँगकाँगमध्ये झालं, असं चिनी प्रेक्षकांनी शोधून काढलं. खरं दालियन हे लिआओनिंग प्रांतातलं समुद्रकाठचं मोठं बंदर आहे. रुंद रस्ते, उंच इमारती, जागतिक आर्थिक मंचाची उन्हाळी परिषद जिथे २००७ पासून भरत आली आहे ते शहर. इथे माझं मत स्पष्ट आहे: ही तक्रार रास्त आहे. संवाद पात्राचा असतो. पण कॅमेऱ्यासमोर उभं केलेलं शहर हे निर्मात्यांचं म्हणणं असतं. आपल्या राहत्या गावाचं नाव घेऊन कोणी भलतीच गलिच्छ गल्ली दाखवली, तर राग यायलाच हवा.

दुर्दैव असं, की या दोन आक्षेपांतला जो पोकळ होता तोच जगभर गाजला.

(पडद्यावर: इंचॉन बंदर, वोल्मीदोचा किनारा.)

आता थोडं मागे जाऊ. जॉन जी-ह्यून चीनमध्ये काय होती हे कळल्याशिवाय या रागाची धार कळणार नाही.

२००१ च्या 'माय सॅसी गर्ल' या चित्रपटापासून तिकडचे लोक तिला ओळखतात. डिसेंबर २०१३ मध्ये 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' ही तिची मालिका आली आणि चीन अक्षरशः वेडा झाला. त्यातली नायिका म्हणते, पहिला बर्फ पडला की तळलेलं चिकन आणि बिअर हवीच. झालं. चिनी शहरांमध्ये कोरियन चिकनच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. मार्च २०१४ मध्ये बीजिंगच्या वार्षिक संसदीय अधिवेशनात वांग चीशान यांनी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तपालन यंत्रणेच्या प्रमुखांनी, या मालिकेचा विषय काढला. कोरियन मालिका आपल्या पुढे का आहेत, यावर ते जाहीरपणे बोलले. त्याच वर्षी जुलैमध्ये शी जिनपिंग सोलला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी पंग लीयुआन यांनी तरुणपणीचे शी त्या मालिकेच्या नायकासारखे दिसायचे, असं म्हटल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आणि मार्च २०१६. इंचॉनमधलं वोल्मीदो. चीनमधल्या एका कंपनीचे ४,५०० कर्मचारी सहलीला आले होते. त्यांच्यासाठी समुद्रकाठच्या रस्त्यावर टेबलं मांडली गेली, ओळीच्या ओळी, नजर पोचेल तिथपर्यंत. प्रत्येक टेबलावर तळलेलं चिकन आणि बिअरचे कॅन. एका मालिकेतलं एक वाक्य, आणि त्यासाठी साडेचार हजार माणसं समुद्र ओलांडून जेवायला बसली. त्याच सुमाराला 'डिसेंडंट्स ऑफ द सन' कोरिया आणि चीनमध्ये एकाच वेळी दाखवली जात होती. चिनी सेन्सॉरची मंजुरी आधी मिळावी म्हणून ती अख्खी मालिका प्रसारणापूर्वीच चित्रित करून ठेवली होती. कोरियात तोवर मालिका चालू असतानाच पुढचे भाग लिहायची आणि शूट करायची पद्धत. चिनी प्रेक्षकांसाठी त्यांनी कामाची रीत बदलली.

चारच महिन्यांनी, ८ जुलै २०१६ ला, अमेरिकेची 'थाड' क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा कोरियात बसवण्याची घोषणा झाली. तिचं रडार आपल्या हद्दीत डोकावेल असं चीनचं म्हणणं. कोरियाच्या लोत्ते कंपनीने आपलं गोल्फचं मैदान त्यासाठी दिलं, आणि २०१७ मध्ये चीनमधली लोत्तेची बहुतेक दुकानं अग्निसुरक्षेचं कारण दाखवून बंद पडली. कोरियन मालिका चिनी प्लॅटफॉर्मवर यायच्या थांबल्या, कलाकारांचे कार्यक्रम रद्द झाले. अशी काही बंदी आहे, हे चीनने कधीच मान्य केलं नाही. त्यांचे प्रवक्ते म्हणायचे, आम्ही असं काही ऐकलेलं नाही.

म्हणजे टेबलावरची माणसं उठली ती एकमेकांवर रागावून नव्हे. त्यांना उठवलं गेलं.

(पडद्यावर: 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट'चं पोस्टर.)

कोरियन चाहते आज चिनी प्रेक्षकांना 'गोष्ट आणि खरं यातला फरक कळत नाही' असं सुनावतात. त्यांना मार्च २०२१ ची आठवण करून द्यावी लागेल.

२२ मार्चला एसबीएस वाहिनीवर 'जोसॉन एक्झॉर्सिस्ट' सुरू झाली. राजपुत्र छुंगन्यंग, म्हणजे कोरियन लिपी देणारा भावी राजा सेजोंग, परदेशी पाद्र्याचा पाहुणचार करतो असा प्रसंग. मेजावर मूनकेक आणि काळी पडलेली मुरवलेली अंडी. दोन्ही चिनी पदार्थ. निर्माते म्हणाले, प्रसंग मिंग साम्राज्याच्या सीमेजवळ घडतो, म्हणून तसं दाखवलं. कोणी ऐकलं नाही. जाहिरातदार पळाले, सरकारकडे अर्ज गेले, आणि २६ मार्चला वाहिनीने मालिका कायमची बंद केली. दोन भाग दाखवून झाले होते, ८० टक्के शूटिंग पूर्ण होतं, ३२ अब्ज वॉनचा खर्च होता. लेखक-दिग्दर्शकांनी माफी मागितली. कलाकारांनीही एकामागून एक माफीपत्रं लिहिली. ताटात काय वाढायचं हे ज्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांनीही.

तेव्हा कोरियन माणसं का भडकली, हेही समजण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२० पासून किमची, म्हणजे मुरवलेल्या भाज्या, कोणाची यावरून वाद पेटला होता, हानबोक पोशाखावरून पेटला होता, आणि त्याच्याही मागे गोगुर्यो हे प्राचीन राज्य कोणाच्या इतिहासातलं हा २० वर्षं धुमसणारा तंटा होता. मेजावरचे मूनकेक त्या सगळ्याचा पुरावा ठरले.

आता एक गोष्ट सांगते, जी या भांडणात फारशी कोणी बोलत नाही. 'टेम्पेस्ट'च्या दिग्दर्शकांपैकी एक किम ही-वॉन. २०२१ ची 'विन्चेन्झो' त्यांचीच. तिच्यात नायक चिनी कंपनीचा डबाबंद बिबिमबाप, म्हणजे कोरियन भाताचा पदार्थ, खातो, या जाहिरातीवरून कोरियन प्रेक्षक संतापले होते. २०२२ ची 'लिटल विमेन'ही त्यांचीच, आणि तिची लेखिका जंग सो-ग्यंग, जिने 'टेम्पेस्ट' लिहिली. 'लिटल विमेन'मध्ये व्हिएतनाम युद्धात एका कोरियन सैनिकामागे २० व्हिएतकाँग, म्हणजे तिथले कम्युनिस्ट गनिम, मारले, अशी शेखी मिरवणारे संवाद होते. व्हिएतनाम सरकारने आक्षेप घेतला, नेटफ्लिक्सने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथून मालिका काढली आणि निर्मिती करणाऱ्या स्टुडिओ ड्रॅगनने यापुढे काळजी घेऊ असं सांगितलं.

या दोघी फार मोठ्या ताकदीच्या आहेत. 'लिटल विमेन' मी रात्र रात्र जागून बघितली आहे, आणि व्हिएतनामचं युद्ध कोरियन श्रीमंतीच्या मुळाशी कसं आहे हेच ती मालिका दाखवत होती, असं मला वाटतं. पण तीन मालिका आणि तीन देशांतला राग बघितला की प्रश्न उठतोच: शेजाऱ्याचा इतिहास कथेत आणताना लेखनाच्या टेबलावर त्या देशाचं कोणी असतं का? हा प्रश्न स्टुडिओला विचारायचा असतो, निर्मात्यांना विचारायचा असतो. चाहते तो विचारत नाहीत. त्यांच्यापुढे चेहरा असतो आणि ते चेहऱ्याला धरतात.

आपल्या माणसाच्या वाट्यालाही हे आलं आहे. २०२३ च्या 'किंग द लँड'मध्ये अरब राजपुत्र साकारला दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने, 'स्क्विड गेम'मधल्या अलीने. राजपुत्र बायकांच्या मागे लागणारा, क्लबमध्ये रमणारा. अरब प्रेक्षक चिडले, आणि अरबाच्या भूमिकेत भारतीय का, हेही विचारलं गेलं. जेटीबीसी वाहिनीने अरबी भाषेतही माफी मागितली. भूमिका लिहिणाऱ्यांची नावं आज कोणाला आठवतात? पुण्या-नागपुरात हिंदी डबिंगवर या मालिका बघणाऱ्या आपल्या मुलींना अनुपमचं नाव मात्र पाठ आहे.

(पडद्यावर: ग्योंगजू शहर, नोव्हेंबर २०२५.)

'टेम्पेस्ट'च्या वादात सोलच्या सुंगशिन महिला विद्यापीठातले प्राध्यापक सो क्यंग-दक यांनी एक मुद्दा मांडला, आणि कोरियन चाहत्यांनी तो उचलून धरला. डिस्ने प्लस चीनमध्ये अधिकृतपणे उपलब्धच नाही. मग तुम्ही मालिका चोरून बघितलीत, आणि वर तक्रार?

वादात जिंकण्यापुरता हा मुद्दा बिनतोड आहे. पण मला तो फार कोता वाटतो. ९ वर्षं दारं बंद असूनही जी माणसं आडवाटेने, मिळेल तिथून मिळवून कोरियन मालिका बघतात, ती शत्रू नव्हेत. वोल्मीदोच्या टेबलांवर बसलेल्यांतलीच ती माणसं आहेत. त्यांच्यात जॉन जी-ह्यूनच्या बाजूने बोलणारेही होते, आणि आपल्याच देशात तसं बोलायला धैर्य लागतं.

१ नोव्हेंबर २०२५ ला शी जिनपिंग ग्योंगजूमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्यंग यांना भेटले. २०१४ नंतरचा हा त्यांचा पहिला दक्षिण कोरिया दौरा. कोरियन मनोरंजन उद्योगाचे कान त्या भेटीकडे लागले होते, पण जी बंदी कधी लावलीच नाही असं म्हटलं जातं, ती उठवल्याची घोषणा कोण करणार? तोवर दालियनमधल्या प्रेक्षकाला कोरियन मालिका चोरवाटेनेच बघावी लागेल. तिच्यात आपलं शहर विद्रूप दिसलं तर तक्रार घेऊन जायला त्याच्याकडे वाहिनी नाही, प्लॅटफॉर्म नाही, सेन्सॉरची खिडकी नाही. समोर असते ती फक्त जॉन जी-ह्यून.